कुलांत्रोची पाने स्वयंपाकात केव्हा आणि किती घालावीत?

हिरवाकोपरा (प्रश्न)

नमस्कार.

लांबट, जाड आणि करवती कडांच्या पानांची कुलांत्रो ही वनस्पती (शास्त्रीय नाव इरिंजियम फेटिडम) मी काही काळापासून कुंडीत वाढवते आहे आणि घरच्या स्वयंपाकात तिचा नीट, समजून उपयोग करावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. तिच्याविषयी जिथे तिथे एवढेच वाचायला मिळते की ही पाने कोथिंबिरीऐवजी वापरावीत. प्रत्यक्षात मात्र ती कोथिंबिरीसारखी चिरून तयार पदार्थावर भुरभुरवली, तर पहिल्याच घासाला तिचा उग्र दर्प नाकात शिरतो, पान दाताखाली चिवट लागते आणि खालचा पदार्थ व वरची पाने एकमेकांपासून वेगळीच राहतात. याउलट तीच पाने रश्शात बराच वेळ उकळली गेली, तर दर्प निवतो आणि मागे एक खोल, किंचित मातकट सुगंध राहतो, जो कोथिंबिरीकडून कधीच मिळत नाही.

म्हणून माझे प्रश्न असे आहेत. ही पाने शिजताना नेमकी कोणत्या टप्प्यावर घालावीत? एखाद्या कृतीत कोथिंबीर सांगितली असेल, तर तिच्या जागी कुलांत्रो किती घ्यावी? ती कच्ची खाण्याची योग्य पद्धत कोणती? आणि एकदम बरीच पाने निघाली, तर ती टिकवावीत कशी? शक्य असेल तर कृतीबरोबर त्यामागचे कारणही सांगावे, ही विनंती. कारण समजले की दुसऱ्या पदार्थात आपला आपल्याला अंदाज घेता येतो.

---

मंदआच

आपले निरीक्षण अगदी अचूक आहे आणि आपल्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच दडलेले आहे. ‘कोथिंबिरीऐवजी’ हा सल्ला माझ्या मते अपुरा आहे, कारण तो या पानाचा खरा गुणच झाकून टाकतो. कोथिंबीर ही प्रामुख्याने शेवटी घालायची वस्तू आहे. कुलांत्रो मात्र आधी, तेलात, कांदा-लसणाच्या बरोबरीने घालता येते आणि तिथेच ती सर्वांत जास्त खुलते.

दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या आहेत. गाजर, जिरे, ओवा, बडीशेप ही मंडळीही त्याच कुळातली. परंतु कोथिंबिरीचे मूळ भूमध्य समुद्राच्या परिसरात आणि पश्चिम आशियात शोधले जाते, तर कुलांत्रो ही उष्णकटिबंधीय अमेरिकेची, म्हणजे मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या आणि कॅरिबियन बेटांच्या ओलसर, सावलीच्या जमिनीची वनस्पती आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली तिला शास्त्रीय नाव दिले, तेही तिच्या उग्र वासावरूनच.

वासाचे सारखेपण येते ते अल्डिहाइड या गटातील सुगंधी द्रव्यांमुळे. कोथिंबिरीच्या पानात दहा कार्बनची साखळी असलेली अल्डिहाइडे मोठ्या प्रमाणावर असतात, तर कुलांत्रोच्या तेलात बारा कार्बनच्या साखळीचे डोडेसिनल हे द्रव्य मुख्य असते. साखळी जितकी लांब, तितके द्रव्य सावकाश उडते. त्यामुळे उकळत्या भांड्यातून कोथिंबिरीचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो आणि मागे शिजवलेल्या पाल्याची साधी चव राहते. कुलांत्रोचा सुगंध मात्र भांड्यातच थांबतो. शिवाय ही द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात, म्हणून पान तेलावर परतले की सुगंध तेलात उतरतो आणि तेलाबरोबर पदार्थभर पसरतो. आपल्याला वर भुरभुरवलेली पाने पदार्थापासून वेगळी वाटली, त्याचे कारणही हेच आहे. तिथे सुगंध पानातच अडकून राहिला होता आणि पान चावले की एकदम बाहेर येत होता.

या गुणाचा सर्वांत पद्धतशीर उपयोग मला पोर्टो रिकोच्या स्वयंपाकात दिसतो. तिथे या पानाला रेकाओ म्हणतात आणि ते सोफ्रितो या वाटणाचा कणा असते. कांदा, लसूण, फिकट हिरव्या रंगाची पातळ सालीची गोडसर मिरची, ‘आही दुल्से’ ही तिखटपणा नसलेली पण अत्यंत सुवासिक छोटी मिरची आणि भरपूर रेकाओ एकत्र, थोडे भरडसर वाटतात. बरेच जण त्यात कोथिंबीरही घालतात. एकाच वाटणात दोन्ही असतात, यावरूनच एक दुसरीची बदली नाही हे लक्षात यावे. हे वाटण तेलात परतून त्यावर राजम्यासारख्या कडधान्यांच्या उसळी, मांसाचे रस्से आणि भात रचले जातात. सणावाराला होणारा ‘आरोस कॉन गांदुलेस’ म्हणजे तर ओल्या तुरीच्या दाण्यांचा भात. त्याला शेंदरीच्या बियांनी रंगवलेले तेल आणि सोफ्रितो या दोहोंवाचून तो स्वाद येतच नाही.

वाटण परतताना काय घडते याकडे नीट लक्ष द्यावे, कारण टप्पा घड्याळावरून नव्हे, तर वासावरून ओळखायचा असतो. मध्यम आचेवर तेल तापले की वाटण घालावे. सुरुवातीला कच्चा, झणझणीत, थोडा धातूसारखा वास येतो आणि कांद्याचे पाणी सुटून वाटण खदखदू लागते. पाणी आटत आले की खदखद मंदावते, आवाज बदलून चुरचुर सुरू होते, हिरवा रंग गडद होतो आणि कडेने तेल सुटते. त्याच सुमारास वासातील टोचरेपणा जाऊन तो गोलसर, भूक चाळवणारा होतो. इथे थांबावे आणि पुढचे जिन्नस घालावेत. यापुढे परतत राहिल्यास लसूण करपतो आणि त्याचा कडवटपणा सगळ्या पदार्थाला लागतो.

प्रमाणाविषयी ‘कुलांत्रो कोथिंबिरीच्या दहापट तीव्र असते’ असे एक वाक्य सगळीकडे फिरताना दिसते. त्याचा स्वयंपाकघरात काहीही उपयोग नाही, कारण कोवळ्या आणि जून पानाच्या तीव्रतेत मोठा फरक असतो. चिरलेल्या कोथिंबिरीच्या एक तृतीयांश इतकी बारीक चिरलेली कुलांत्रो, ही सुरुवात मला योग्य वाटते. शिजवायच्या पदार्थात ते प्रमाण अर्ध्यापर्यंत न्यायला हरकत नाही. कच्ची घालायची असेल तर मात्र तृतीयांशापेक्षाही कमी घेऊन चव पाहावी.

आणखी एक गोष्ट. कृतीत धणे सांगितले असतील, तर त्यांच्या जागी कुलांत्रोचे बी घेण्याचा विचारही करू नये. धण्यांचा सुवास लिनालूल या वेगळ्याच द्रव्याचा असतो. कुलांत्रोचे बी बारीक असते आणि ते पेरण्यापुरतेच उपयोगी.

---

कढईकाठी

मंदआच यांनी तेलाविषयी आणि टप्प्याविषयी जे लिहिले आहे ते मला मान्य आहे. पण ‘ती आधी घातली तरच खुलते’ असा जो सूर त्यातून निघतो, त्याविषयी माझा स्पष्ट मतभेद आहे. पोर्टो रिकोच्या, म्हणजे अटलांटिकच्या बाजूने पाहिले तर ते खरे आहे. तथापि ही वनस्पती आग्नेय आशियात आणि भारताच्या ईशान्येकडील राज्यांत पोचली, आणि तिथल्या लोकांनी तिला शेवटी, बऱ्याचदा पूर्णपणे कच्ची घालण्याची फार देखणी पद्धत विकसित केली. त्या पद्धतीला चुकीची किंवा दुय्यम ठरवता येणार नाही.

व्हिएतनाममध्ये तिला ‘न्गो गाय’ म्हणतात. दक्षिण व्हिएतनाममधील ‘कान् चुआ’ या आंबट माशाच्या सूपमध्ये चिंच, अननस, टोमॅटो, भेंडी आणि अळूसारख्या एका वनस्पतीचे सच्छिद्र देठ असतात. सगळे शिजून आच बंद करण्याच्या बेतात असताना चिरलेली न्गो गाय घालतात. तिथे रस्सा पातळ, आंबट-गोड आणि जवळजवळ तेलविरहित असतो, म्हणून आधी घातलेल्या पानाला सुगंध सोडायला तेलच मिळाले नसते. ‘फो’ या नूडल सूपबरोबर तर वेगळ्या ताटात इतर पाल्यांसह ही अख्खी पाने ठेवतात आणि खाणारा ती स्वतः तोडून वाफाळत्या वाडग्यात टाकतो. कडकडीत रस्सा पानाचा कच्चेपणा काढून टाकतो आणि सुगंध मात्र ताजा ठेवतो. थायलंडमधील ‘लाप’ या पदार्थात खिमा, भाजून कुटलेले तांदूळ, लिंबू, मिरची आणि माशाचा आंबवलेला रस यांच्यात ती कच्चीच मिसळतात.

मणिपूरमध्ये तिला ‘आवा फदिगोम’ म्हणतात. तिथला ‘एरोंबा’ हा पदार्थ उकडलेल्या भाज्या, मिरची आणि ‘ङारी’ हे आंबवलेले मासे एकत्र कुस्करून करतात आणि त्यावर ही पाने चिरून घालतात. मिझोराममध्ये ‘बाह्खॉर’ या नावाने ती तांदूळ आणि मांस घालून केलेल्या ‘सॉह्चिआर’ या पेजेसारख्या पदार्थात हमखास असते. या सर्व पदार्थांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. कच्ची कुलांत्रो जिथे शोभते, तिथे तिच्यासमोर तितकेच बलवान काहीतरी उभे असते. कुठे चिंच किंवा लिंबू, कुठे आंबवलेले मासे, कुठे जळजळीत मिरची. सौम्य, गोडसर किंवा दुधाळ पदार्थावर तेच पान एकटे पडते आणि त्याचा दर्प टोचतो. त्यामुळे हिरवाकोपरा यांनी पाने कच्ची घातली यात काही वावगे नव्हते. ती कशावर घातली, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

दुसरा मुद्दा चिरण्याचा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कुलांत्रोचे पान तीस सेंटीमीटरपर्यंत लांब वाढू शकते आणि त्याच्या मधोमध एक जाड, दोरीसारखी शीर असते. कच्चे वापरायचे पान जून असेल, तर आधी पान मिटवून ही शीर सुरीने काढून टाकावी. नंतर चार-पाच पाने एकावर एक रचून, लांबीच्या दिशेने घट्ट गुंडाळी करावी आणि धारदार सुरीने आडवे, दोऱ्यासारखे बारीक काप काढावेत. सुरी बोथट असेल तर पान कापले न जाता चेंगरते, पाटावर हिरवे पाणी सुटते आणि कडा लगेच काळवंडतात. बारीक काप केले की दोन गोष्टी साधतात. चिवटपणा जाणवत नाही, आणि एकाच घासात मोठा तुकडा येऊन दर्पाचा भडका उडत नाही. काढलेल्या शिरा फेकू नयेत. त्या जुडीसारख्या बांधून उकळत्या रश्शात सोडाव्यात आणि वाढण्यापूर्वी काढून घ्याव्यात.

---

ताजीचटणी

वरच्या दोन्ही उत्तरांच्या मधोमध बसणारी एक परंपरा राहून गेली आहे, म्हणून लिहितो. त्रिनिदादमध्ये ही वनस्पती ‘शाडो बेनी’ या नावाने ओळखली जाते आणि तिथे ती शिजवण्याच्याही आधी, म्हणजे मुरवणासाठी वापरतात. मला स्वतःला हा वापर घरच्या स्वयंपाकासाठी सर्वांत सोयीचा वाटतो, कारण त्यात पान कधी घालावे हा प्रश्नच उरत नाही.

तिथल्या घराघरांत ‘ग्रीन सीझनिंग’ नावाचे हिरवे वाटण तयार असते. शाडो बेनी, कांद्याची पात, थाइम, लसूण आणि तिखटपणा नसलेली सुवासिक मिरची हे त्याचे मुख्य जिन्नस. अनेक जण त्यात पानओव्याची पानेही घालतात. मीठ लावलेले मांस किंवा मासे या वाटणात मुरवून ठेवतात आणि मग शिजवतात. मांसाबरोबर वाटणही परतले जाते, त्यामुळे मंदआच यांनी सांगितलेला तेलाचा फायदा आपोआप मिळतो. मांसाहार न करणाऱ्यांनी हेच वाटण भोपळा, वांगी किंवा शिजवलेल्या चण्यांना लावून काही वेळ ठेवावे.

१८४५ पासून १९१७ पर्यंत भारतातून करारबद्ध मजूर त्रिनिदादला नेले गेले, आणि त्यांच्या स्वयंपाकाने हे तिथले पान अगदी आपलेसे केले. रस्सेदार चण्यांत, तळलेल्या ‘फुलौरी’बरोबरच्या चटणीत आणि ‘डबल्स’ या चणे भरलेल्या खाण्यावर शाडो बेनी असतेच. चटणी अशी करतात. पाने, लसूण, तिखट मिरची आणि मीठ थोड्या पाण्याबरोबर वाटायचे आणि वरून लिंबाचा रस पिळायचा. इथे पान पूर्णपणे कच्चे असते, पण आंबट, खारट आणि तिखट या तिन्हींच्या पकडीत असते. म्हणजे कढईकाठी यांचे निरीक्षण इथेही लागू पडते.

‘चाउ’ हा प्रकार तर अवश्य करून पाहावा. पाडाला आलेल्या, पण अजून कडक असलेल्या आंब्याच्या फोडींना मीठ, मिरपूड, ठेचलेला लसूण, तिखट मिरची आणि बारीक चिरलेली शाडो बेनी चोळून थोडा वेळ ठेवायचे. मिठाने आंब्याला रस सुटतो आणि पानाचा सुगंध त्या रसात उतरतो. अननसाचाही असाच करतात. हिरवाकोपरा यांना कच्च्या पानाची ओळख नव्याने करून घ्यायची असेल, तर माझ्या मते सुरुवात इथून करावी, कारण यात शिजवण्याचा काही भागच नाही आणि प्रमाण कमी-जास्त झाले तर फोडी वाढवून लगेच सावरता येते.

एक व्यावहारिक सूचना. चटणीत लिंबू पिळल्यावर ती फार वेळ ठेवू नये, कारण आम्लामुळे हिरवा रंग उतरून शेवाळी-तपकिरी होतो. चव बिघडत नाही, पण ताजेपणा जातो. वाटण आधी करून ठेवावे आणि लिंबू वाढताना पिळावे.

---

हिरवाकोपरा

तिन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. आधी तेलात की शेवटी कच्ची, हा माझा गोंधळ आता पुष्कळ निवळला आहे. पदार्थात तेल आहे की नाही आणि पानासमोर आंबट-तिखट काही उभे आहे की नाही, या दोन गोष्टी पाहायच्या, असे मी समजते.

दोन शंका उरल्या आहेत. आमच्या घरातील एका व्यक्तीला कोथिंबिरीची चव साबणासारखी लागते. अशा व्यक्तीला कुलांत्रो चालेल का? आणि साठवणीचा प्रश्न अजून तसाच आहे. शिवाय रोपाला आता मधून एक उंच, काटेरी दांडा येऊ लागला आहे. तो आल्यावर पानांची चव बिघडते का, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

---

ओलीमाती

दांड्यापासून सुरुवात करते, कारण त्याबाबतीत घाई करायला हवी.

तो फुलांचा दांडा आहे. दिवस मोठे होऊ लागले आणि उष्णता वाढली की कुलांत्रो फुलावर येते, आणि एकदा ती फुलावर आली की रोपाची शक्ती पानांकडून दांड्याकडे वळते. नवी पाने लहान आणि राठ येऊ लागतात. दांड्यावरची पाने तर इतकी काटेरी असतात की ती कच्ची खाण्याच्या उपयोगाची नाहीत. म्हणून दांडा दिसताच बुडापासून कापून टाकावा आणि पुन्हा आला तर पुन्हा कापावा. काटे बोटांत शिरतात, तेव्हा कात्री वापरावी. बी हवे असेल तर एखाद्या रोपाचा दांडा राखून ठेवावा. बी बारीक असते, त्यावर मातीचा जाड थर देऊ नये, माती सतत ओलसर ठेवावी आणि धीर धरावा, कारण उगवायला दोन ते चार आठवडे सहज लागतात.

कुंडी उन्हात असेल तर सावलीत हलवावी. पुष्कळ जण सुगंधी वनस्पतींना कडक ऊन हवे असे गृहीत धरतात. कुलांत्रोच्या बाबतीत ते उलटे आहे. सावलीत आणि ओलाव्यात तिची पाने मोठी, गडद हिरवी आणि अधिक वासाची होतात. तोडताना बाहेरची पाने बुडाशी तोडावीत आणि मधला कोवळा झुबका राहू द्यावा.

साठवणीसाठी पाने धुऊन, पुसून, किंचित ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत ठेवावीत. ही उष्ण प्रदेशातील वनस्पती असल्याने फार थंडी तिला सोसत नाही. शीतकपाटाच्या अगदी थंड कप्प्यात पाने काळी पडू लागतात, म्हणून भाजीच्या खणात किंवा दाराजवळ ठेवणे चांगले. एरवी तिची जाड पाने कोथिंबिरीपेक्षा पुष्कळ चांगली टिकतात, हे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

पाने खूप निघाली तर वाटून गोठवावीत. थोडे तेल घालून वाटण करावे, बर्फाच्या साच्यात भरावे आणि गोठलेल्या वड्या डब्यात काढून ठेवाव्यात. वडी थेट गरम तेलात टाकता येते. अख्खी पाने गोठवली तर ती उघडल्यावर लिबलिबीत होतात. ती शिजवायला चालतात, कच्ची खायला नाही. वाळवलेल्या कुलांत्रोत वाळवलेल्या कोथिंबिरीपेक्षा सुगंध जास्त टिकतो, तरीही गोठवलेले वाटण मला कितीतरी सरस वाटते.

इथे एक इशारा गांभीर्याने द्यायचा आहे. कच्चा लसूण आणि हिरवा पाला तेलात बुडवून बाटलीत भरून ओट्यावर ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी दाखवली जाते. ती धोकादायक आहे. तेलाखाली हवा पोचत नाही, आंबटपणाही नसतो, आणि अशा परिस्थितीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. त्याचा वास किंवा रंग यांवरून अंदाज येत नाही. त्यामुळे असे वाटण शीतकपाटात ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे, नाहीतर सरळ गोठवावे.

---

मंदआच

कढईकाठी यांचा आक्षेप रास्त आहे. माझे विवेचन तेलावर रचलेल्या पदार्थांपुरते घ्यावे. त्याला एक पुस्ती जोडतो. पनामातील ‘सांकोचो’ हे कोंबडीचे सूप तेलकट वाटणावाचूनच होते आणि तरीही त्यात कुलांत्रो आधी घालतात. कोंबडी आणि कोनफळाच्या जातीचा ‘न्यामे’ नावाचा कंद सावकाश शिजत असताना कोंबडीची चरबी रश्शात उतरते आणि पानाचा सुगंध त्या चरबीत मुरतो. कंद विरघळून रस्सा दाटतो. त्यात फारसे मसाले नसतात. त्या सूपची ओळख म्हणजे कुलांत्रोच. हे पान पदार्थाचा सगळा भार एकट्याने पेलू शकते, हे पाहायचे असेल तर हा उत्तम नमुना आहे. चवीला शेवटी चिमूटभर ताजी पाने घातली तर दोन्ही पद्धतींचा लाभ मिळतो. शिजलेल्या पानाचा सुगंध तळाशी राहतो आणि ताज्या पानाचा वर येतो. घरी कोणत्याही रस्सेदार पदार्थात मी आवर्जून असेच करतो. तीन भाग आधी, एक भाग शेवटी.

साबणासारख्या चवीविषयी. ही तक्रार खरी असते. ती हट्ट किंवा नखरा नाही. ओआर६ए२ या वास ओळखणाऱ्या जनुकाच्या परिसरातील फरकाशी तिचा संबंध असल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले, मात्र आवडनिवड ठरण्यात जनुकांचा वाटा त्यात थोडाच आढळला. बाकी बरेच सवयीवर अवलंबून असते. हे जनुक ज्या अल्डिहाइडांना प्रतिसाद देते, त्याच गटातील द्रव्य कुलांत्रोतही मुख्य आहे. म्हणून ‘कोथिंबीर आवडत नसेल तर कुलांत्रो घ्या’ हा सल्ला मी देणार नाही. उलट सुगंध टिकाऊ असल्याने अशा व्यक्तीला शिजवलेल्या पदार्थातही तो जाणवण्याची शक्यता आहे.

त्या व्यक्तीसाठी भांड्यातील थोडा रस्सा पाने घालण्यापूर्वीच बाजूला काढता आला तर उत्तम. पण सोफ्रितोसारख्या वाटणात ते जमणार नाही. तिथे वाटण कुलांत्रोशिवाय करून घ्यावे आणि कुलांत्रोच्या वाटणाची गोठवलेली वडी वेगळ्या कढल्यात थोड्या तेलावर परतून, ज्यांना हवी त्यांच्या वाटीत वरून ओतावी. सुगंध तेलात उतरलेला असल्यामुळे ती रश्शात नीट मिसळते आणि भांडेभर पसरत नाही.